रिपोर्टमधला आकडा म्हणजे ॲलर्जी नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अन्नाच्या ॲलर्जीविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. या विषयाला वर्तमानपत्रात फारशी जागा मिळत नाही, त्यामुळे तो छापल्याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मात्र लेखाच्या शेवटी वाचकांना असा सल्ला दिला आहे की, शंका आल्यास रक्ताची ॲलर्जी चाचणी करून घ्यावी आणि जे पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येतील ते आहारातून बंद करावेत. त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मी रोगनिदान प्रयोगशाळेत तीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे नेमक्या याच चाचण्या करण्यात गेली. आपला लेख ज्या आकड्यावर विसंबायला सांगतो तो आकडा यंत्रातून निघताना मी हजारो वेळा पाहिला आहे. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच या पत्रात मांडायचे आहे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मुळात गोंधळ शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडे ‘वावडे’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. जे आवडत नाही, जे पचत नाही, ज्याने अंगावर पित्त उठते आणि ज्याने जीव जाऊ शकतो, त्या सगळ्याचे वावडेच असते. हल्ली त्या जागी ‘ॲलर्जी’ हा शब्द आला, पण सैलपणा तसाच राहिला. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये हा शब्द घडवला तेव्हा त्यांना एवढेच म्हणायचे होते की, एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची त्याला प्रतिसाद देण्याची रीत बदलते. हा बदल रोगप्रतिकार यंत्रणेत होतो. ज्या त्रासात ही यंत्रणा गुंतलेलीच नाही, त्याला ॲलर्जी म्हणणे चूक आहे.

दूध प्यायल्यावर पोट फुगणे आणि जुलाब होणे, हे बहुतेक प्रौढांच्या बाबतीत लॅक्टेज या विकराच्या कमतरतेमुळे होते. दुधातली साखर लहान आतड्यात फुटत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, आणि पुढचे सगळे त्यातून येते. जगातील प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांची ही साखर पचवण्याची क्षमता बालपणानंतर घटलेली असते. त्यात त्रास आहे, पण धोका नाही. अर्धा पेला दूध अनेकांना सहज सोसते. दुधाची ॲलर्जी हे निराळे प्रकरण आहे. तिथे दुधातल्या प्रथिनांवर शरीर हल्ला चढवते आणि एखाद्याला चमचाभर दूधही महागात पडू शकते. गव्हामुळे होणारा सिलिॲक आजार तिसऱ्याच जातीचा आहे, कारण त्यात रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. (या आजाराची शंका असेल तर तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, तसे केल्यास रक्ताची तपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी (बायोप्सी) दोन्ही खोटा निर्वाळा देऊ शकतात. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की, विषयांतर पत्करून ती इथे नोंदवते.) शिळ्या, नीट थंड न ठेवलेल्या ट्यूनासारख्या माशात जिवाणूंमुळे हिस्टामाइन साठते, तो खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, धडधडते, अंगावर गांध्या उठतात. चित्र हुबेहूब ॲलर्जीचे, पण आहे ती विषबाधा. एकाच ताटातला मासा खाणाऱ्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, ही एक गोष्ट विचारली की उलगडा होतो. रक्ताच्या चाचणीने तो होत नाही.

आता खऱ्या ॲलर्जीकडे वळते. तिचा शोध ज्या प्रयोगाने लागला, तो आमच्या चाचणीचा पूर्वज असल्याने मला विशेष जवळचा वाटतो. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा खाल्ला की त्रास होई. १९२१ साली ब्रेस्लाउ येथे त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातले सिरम स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना माशाचा कसलाच त्रास नव्हता, तरी तेवढ्या जागेवर गांधी उठली. ॲलर्जी रक्तातून वाहून नेता येते, म्हणजे ती मनाचा खेळ नसून रक्तात तिचा कोणीतरी वाहक आहे, हे त्या एका गांधीने दाखवले. तो वाहक नेमका कोण, हे कळायला आणखी साडेचार दशके लागली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे तो शोधला, आणि १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला (परका पदार्थ ओळखून त्याला चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला) इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच आयजीई, असे नाव मिळाले.

या आयजीईचे रक्तातले प्रमाण इतर प्रतिपिंडांच्या तुलनेत नगण्य असते. त्याचे खरे ठाणे रक्तात नसतेच. ते त्वचेत, श्वासनलिकेत आणि आतड्याच्या अस्तरात पसरलेल्या मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसते. शेंगदाण्याचे एखादे प्रथिन तिथे पोहोचले आणि त्याने शेजारी बसलेले दोन आयजीई एकदम पकडले, की पेशीच्या आत साठवलेले हिस्टामाइन आणि इतर रसायने काही मिनिटांत बाहेर फेकली जातात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि झिरपू लागतात, श्वासनलिका आवळतात, आतडी पिळवटतात. हे एकाच जागी झाले तर ओठ सुजतात किंवा गांध्या उठतात. सर्वत्र झाले तर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्या अवस्थेत रक्तवाहिन्यांतील द्रवापैकी ३५ टक्क्यांपर्यंत भाग दहा मिनिटांत ऊतींमध्ये झिरपून गेल्याचे नोंदले गेले आहे. रक्त सांडत नाही, तरीही हृदयाला पंप करायला पुरेसे रक्त उरत नाही.

यातला ‘दोन आयजीई एकदम’ हा तपशील वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा, कारण आमच्या चाचणीची मर्यादा तिथेच आहे.

चाचणी अशी होते. संशयित पदार्थातली प्रथिने एका स्पंजासारख्या पृष्ठभागावर आधीच चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचे सिरम सोडायचे. त्या प्रथिनांना जे आयजीई धरेल ते राहते, बाकीचे धुऊन टाकायचे. मग आयजीईलाच चिकटणारा, प्रकाशाची खूण लावलेला दुसरा प्रतिपिंड घालायचा आणि किती चमक येते ते मोजायचे. १९६७ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली गेली तेव्हा खूण किरणोत्सारी असे, एवढाच काय तो फरक. या सगळ्या प्रकारात रुग्णाची त्वचा, आतडी, मास्ट पेशी यांतले काहीच हजर नसते. सिरममधील आयजीई त्या प्रथिनाला कुठेतरी, कसेतरी चिकटते का, एवढेच यंत्र पाहते. चिकटल्यावर पुढे पेशी फुटेल का, हा प्रश्न यंत्राला कोणी विचारलेलाच नसतो.

आणि निरुपद्रवीपणे चिकटण्याची कारणे पुष्कळ आहेत. वनस्पतींच्या प्रथिनांवर काही ठरावीक साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्याविरुद्ध अनेकांच्या रक्तात आयजीई असते, ते गहू, शेंगदाणा, सोयाबीन सगळ्यांना चिकटते, आणि सहसा त्याने काहीही होत नाही. बर्च या झाडाच्या परागकणांनी ज्यांना शिंका येतात, त्यांचे आयजीई सफरचंद, हेझलनट आणि शेंगदाणा यांतल्या तशाच घडणीच्या प्रथिनांना ओळखते. अशांच्या तोंडाला कच्चे सफरचंद खाल्ल्यावर खाज सुटते आणि तेच सफरचंद शिजवून खाल्ले तर काही होत नाही, कारण ते प्रथिन उष्णतेने आणि जठरातल्या आम्लाने मोडते. शेंगदाण्यातील ‘अरा एच ८’ हे असे मोडके प्रथिन आहे, तर ‘अरा एच २’ हे आम्लाला आणि पाचकरसांना दाद न देता तसेच आत शिरणारे. पूर्ण शेंगदाण्याच्या चाचणीत दोघांची चमक एकत्र मोजली जाते. एकाच आकड्यात एकाचे निव्वळ ओठ चुरचुरणे असते आणि दुसऱ्याचा जीवघेणा झटका. ही प्रथिने वेगवेगळी मोजणाऱ्या चाचण्या आता आहेत आणि ‘अरा एच २’ ची चाचणी पुष्कळ अधिक विश्वासार्ह ठरली आहे. पण चाळीस-पन्नास पदार्थांच्या पॅनेलमध्ये ती सहसा नसते.

हा फरक किती मोठा आहे, हे मँचेस्टरमधील एका अभ्यासाने २०१० मध्ये दाखवले. जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी केली, तेव्हा शेंगदाण्याची चाचणी सुमारे १२ टक्के मुलांत पॉझिटिव्ह आली. मग त्यांतल्या शंकास्पद मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेंगदाणा प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिले, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरी ॲलर्जी साधारण २२ टक्क्यांनाच निघाली. उरलेली मुले शेंगदाणा खाऊ शकत होती. डेन्व्हरच्या ‘नॅशनल ज्युइश हेल्थ’ या रुग्णालयातील २०११ चा अहवालही असाच आहे. ज्यांतल्या बहुतेकांना इसब होते अशा १२५ मुलांना, मुख्यतः चाचण्यांच्या आधारे, निरनिराळे पदार्थ बंद केलेले होते. तेच पदार्थ त्यांना देखरेखीखाली खाऊ घातले तेव्हा १०० पैकी ८९ वेळा काहीही झाले नाही.

या खाऊ घालण्याच्या तपासणीला डॉक्टर ‘फूड चॅलेंज’ म्हणतात. अगदी अल्प मात्रेपासून सुरुवात करून, ठरावीक अंतराने मात्रा वाढवत, औषधे हाताशी ठेवून ती करतात. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही खरा पदार्थ कोणता आणि बनावट कोणता हे कळू न देता केलेले चॅलेंज हे निदानाचे सर्वांत पक्के साधन मानले जाते. ते वेळखाऊ आहे, त्यात जोखीम आहे आणि त्याला प्रशिक्षित माणसे लागतात. त्यामुळे एका सुईत उरकणारी आमची चाचणी लोकप्रिय झाली, यात नवल नाही. माझ्या व्यवसायाची प्रतिष्ठा कमी करण्याचा माझा हेतू नाही. आकडा जितका मोठा तितकी खऱ्या ॲलर्जीची शक्यता जास्त, हे खरे आहे, आणि झटक्याचा इतिहास स्पष्ट असेल तर ही चाचणी उत्तम दुजोरा देते. पण आकड्यावरून झटक्याची तीव्रता कळत नाही. रिपोर्टवर छापलेले ‘क्लास १’ ते ‘क्लास ६’ वाचून लोक सौम्य आणि गंभीर असा अर्थ लावतात. तो अर्थ त्या आकड्यांत कधीच नव्हता.

उलट बाजूही सांगायला हवी. आकडा शून्य असूनही अन्नाने गंभीर आजार होऊ शकतो. तान्ह्या मुलांत एक प्रकार असा आढळतो की, दूध, सोया किंवा तांदूळ पोटात गेल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होतात, मूल पांढरेफटक आणि गलितगात्र होते. यात आयजीईचा सहभाग नसल्याने आमची चाचणी ‘निगेटिव्ह’ येते आणि पोटाचा संसर्ग समजून उपचार होत राहतात. दुसरे उदाहरण गोचिडीचे; त्यात आयजीई असते, पण ते कशाविरुद्ध शोधायचे हेच आधी ठाऊक नव्हते. गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसात अल्फा-गॅल नावाची साखर असते, ती माणसात नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यानंतर माणसाच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई तयार होते आणि मग मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी, अनेकदा मध्यरात्री, अंगावर गांध्या उठून जाग येते. संध्याकाळचे जेवण आणि रात्रीचा झटका यांचा संबंध लागायला २००९ साल उजाडले. सेटुक्सिमॅब या कर्करोगावरील औषधाने अमेरिकेच्या ठरावीक भागातच इतके झटके का येतात, या कोड्याचा पाठलाग करताना तो लागला. तो लावणाऱ्यांपैकी थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाही पुढे गोचिडी चावून हाच त्रास जडला. इथे चाचणी नंतर आली. आधी कोणीतरी रुग्णांना, तुम्ही कुठे राहता, काय खाल्ले आणि किती वाजता, हे विचारले होते.

बाजारात आणखी एक चाचणी मिळते, तिच्याविषयी मात्र मी सौम्य शब्द वापरणार नाही. शंभर-दोनशे पदार्थांविरुद्ध आयजीजी हा प्रतिपिंड मोजून ‘फूड इन्टॉलरन्स’चा रिपोर्ट देण्याचा हा धंदा आहे. आपण जे नियमित खातो त्याविरुद्ध आयजीजी तयार होणे हे निरोगी शरीराचे सामान्य लक्षण आहे. एवढेच काय, ॲलर्जीवरील उपचार यशस्वी होऊ लागतात तेव्हा आयजीजीचा चौथा उपप्रकार वाढतोच. युरोपीय ॲलर्जी आणि रोगप्रतिकारशास्त्र अकादमीने २००८ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले की, ही तपासणी निदानासाठी करू नये. तरीही जो मनुष्य रोज जे खातो नेमके त्याच्यापुढे लाल खूण करून त्याला घाबरवणे सुरूच आहे.

एवढ्याने काय बिघडते, खबरदारी म्हणून चार पदार्थ बंद केले तर काय झाले, असे मला अनेकांनी विचारले आहे. दीड वर्षाच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आलेली एक आई मला अजून आठवते. मुलाला इसब होते, खाण्याने कधी काही झाल्याचे तिला आठवत नव्हते. पॅनेलमध्ये अकरा पदार्थ पॉझिटिव्ह आले आणि ते सगळे बंद झाले. चार महिन्यांनी ती पुन्हा तीच चाचणी करवून घ्यायला आली, तेव्हा मुलाचे वजन वाढण्याऐवजी घटले होते आणि इसब होते तिथेच होते. चूक कोणा एकाची नव्हती, पण छापलेला कागद तिच्या हाती आम्हीच दिला होता.

पोषणाचे नुकसान तर आहेच. त्याहून गंभीर बाब अशी की, खाण्याचे थांबवल्यानेच ॲलर्जी उद्भवू शकते. इसब असलेली जी मुले दूध किंवा अंडे आधी निर्वेध खात होती, त्यांना ते निव्वळ रिपोर्टवरून काही महिने बंद केले आणि पुन्हा दिल्यावर खरा झटका आला, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. यामागचे कारण आता बरेच उमगले आहे. तोंडावाटे, आतड्यातून जे अन्न शरीराला भेटते, त्याला सहन करायला रोगप्रतिकार यंत्रणा शिकते. फाटलेल्या, इसब झालेल्या त्वचेतून जे अन्न शिरते, त्याला ती शत्रू समजते. खाणे थांबवले की पहिले दार बंद होते. घरातल्या धुळीत त्याच अन्नाचे कण असतातच, त्यामुळे दुसरे दार उघडेच राहते.

खुद्द तज्ज्ञांनाही या चुकीची किंमत मोजावी लागली. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००० साली सल्ला दिला होता की, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला, कारण त्याला पुरावा नव्हता. त्याच वर्षी लंडनमधील ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्यू मुलांमधील शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण इस्रायलमध्ये ०.१७ टक्के, तर तान्ह्या वयात शेंगदाणा टाळणाऱ्या ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, म्हणजे जवळजवळ दहा पट होते. इस्रायलमध्ये तो पहिल्या वर्षातच खाऊ घालतात. पुढे त्यांनीच ४ ते ११ महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० मुले घेऊन, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांचे होईपर्यंत नियमित शेंगदाणा दिला, दुसऱ्याला दिला नाही. सुरुवातीला त्वचेची चाचणी निगेटिव्ह असलेल्या मुलांत, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना आणि खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्क्यांना ॲलर्जी झाली. मला याहूनही बोलका वाटतो तो दुसरा आकडा. ज्यांची चाचणी आधीच किंचित पॉझिटिव्ह होती, त्यांतही हे प्रमाण ३५.३ वरून १०.६ टक्क्यांवर आले. आपल्या लेखातील सल्ला पाळला असता, तर ही दुसरी मुले शेंगदाण्याला मुकली असती. (तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिला शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच द्यावा, आणि अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.)

हे सगळे वाचून ॲलर्जी म्हणजे अतिशयोक्ती, असा समज कोणी करून घेतला तर माझे लिहिणे फसले असे मी समजेन. सैल निदानाचा सर्वांत मोठा फटका ज्यांना खरी ॲलर्जी आहे त्यांनाच बसतो. अमेरिकेत ४० हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, जवळपास १९ टक्क्यांनी स्वतःला अन्नाची ॲलर्जी असल्याचे सांगितले. लक्षणे पडताळल्यावर ती १०.८ टक्क्यांच्या बाबतीतच पटण्याजोगी ठरली. ज्याला कोथिंबीर आवडत नाही तोही ॲलर्जीच सांगतो, असे स्वयंपाक करणाऱ्याने एकदा अनुभवले की, पुढे ज्याचा जीव खरोखर एका चमच्यावर अवलंबून आहे, त्याच्या सांगण्यालाही तो तितकेच मोजतो. त्याच पाहणीत असेही दिसले की, ज्यांना ॲलर्जी आहे अशा प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची किमान एक तरी ॲलर्जी मोठेपणी सुरू झाली होती. तेव्हा ‘इतकी वर्षे खात आलो, आता काय होणार’ हा युक्तिवादही चालत नाही.

अशा माणसाचे आयुष्य सततच्या पहाऱ्याचे असते. इंग्लंडमधील एका लहान अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांची तुलना इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलांशी केली, तेव्हा खाण्याची धास्ती आणि रोजच्या जगण्यावरची बंधने ॲलर्जीच्या मुलांना अधिक जाचत असल्याचे आढळले. मधुमेही मुलाला काय करायचे ते रोज ठाऊक असते. ॲलर्जीच्या मुलाला बहुतेक दिवशी काहीच करायचे नसते, फक्त सावध राहायचे असते. त्यात वर्गातली मुले गंमत म्हणून तो पदार्थ अंगावर टाकतात. इथेही नेमकी माहिती दिलासा देते. तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांना शेंगदाण्याच्या लोण्याचा वास घ्यायला लावला आणि ते त्वचेवर लावले, तेव्हा एकालाही सर्वांगीण झटका आला नाही; धोका पोटात जाण्यात आहे. हातावरचे शेंगदाण्याचे अंश साबणाने जातात, सॅनिटायझरने जात नाहीत. शेजारच्या बाकावर डबा उघडला म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवणे अनावश्यक आहे आणि हात धुवायला लावणे आवश्यक आहे, हे शिक्षकांना ठाऊक असले तरी त्या मुलाचा दिवस बदलतो.

आपल्या लेखात झटक्याच्या वेळी ‘ॲलर्जीची गोळी’ द्यावी असे म्हटले आहे. ते तातडीने दुरुस्त करावे, ही कळकळीची विनंती. गोळी खाज आणि गांध्या कमी करते; आवळलेल्या श्वासनलिकेवर आणि कोसळणाऱ्या रक्तदाबावर तिचा उपयोग नाही. ॲनाफिलॅक्सिसवर पहिले आणि खरे औषध म्हणजे ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचलेले, आणि फरक न पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांत पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये किंवा चालवू नये. उठून उभे राहताच हृदय थांबल्याची उदाहरणे आहेत. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमधला जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात खाल्ल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम कालावधी ३० मिनिटे होता. गोळीने बरे वाटते का, याची वाट पाहण्यात तेवढाच वेळ जातो. बरे वाटले तरी रुग्णालयात थांबावे, कारण काही तासांनी झटका परतू शकतो.

उपचारांच्या बाबतीत लेखाने ‘ॲलर्जीवर इलाज नाही’ असे म्हटले, तेही आता पुरते खरे नाही. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी अनेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, शेंगदाण्याची साधारण पाचांत एकाची. रक्तातल्या आयजीईलाच बांधून ठेवणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झाले. त्याच्या चाचणीत ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन सोसू शकणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७ टक्के होते. ते घेऊनही पदार्थ टाळावाच लागतो. चुकून पोटात गेलेल्या घासाचा धोका कमी होतो, इतकेच. पण त्या घासाच्या भीतीत जगणाऱ्याला हे ‘इतकेच’ पुष्कळ आहे.

आता विनंती. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत एक फॉर्म असे आणि त्यावर ‘रुग्णाचा इतिहास’ असा एक रकाना असे: कोणता पदार्थ, किती खाल्ला, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले का, आणि त्या वेळी व्यायाम, मद्य किंवा वेदनाशामक गोळी यांपैकी काही होते का. (गव्हाच्या एका प्रकारच्या ॲलर्जीत नुसते खाल्ल्याने काही होत नाही, खाऊन धावल्यावर झटका येतो.) रिपोर्टमधल्या आकड्याला अर्थ येतो तो या पाच उत्तरांनी. पुढच्या वेळी या विषयावर छापताना चाचण्यांच्या यादीऐवजी हे पाच प्रश्न चौकटीत द्यावेत, म्हणजे वाचक उत्तरे लिहूनच डॉक्टरांकडे जातील. माझ्या तीस वर्षांत तो रकाना बहुतेक वेळा कोराच आला.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ